मारामारीचा नकाशा काढता येतो, मग भुताचा का येत नाही?

शेवटची_रांग:

मंडळी, आधीच सांगतो, खाली स्पॉयलर आहेत. ‘किल’, ‘वेपन्स’, ‘तुंबाड’, ‘जॉन विक ४’ बघायचे राहिले असतील तर इथूनच मागे फिरा. नंतर शिव्या घालू नका.

मला एक खोड आहे. मारामारीचा सीन आवडला की सिनेमा थांबवतो आणि वहीत त्याचा नकाशा काढतो. दार कुठे, टेबल कुठे, हिरो कुठून आत आला, ज्याचं डोकं फुटलं तो कुठल्या कोपऱ्यात पडला. चित्रकला बेतासबात, त्यामुळे हिरो म्हणजे गोल आणि बाकी सगळे फुल्या. ताई या वहीला ‘पंचनामा’ म्हणते. म्हणू दे. माझं माप सरळ आहे. नकाशा जमला तर दिग्दर्शकाने मेहनत घेतली, नाही जमला तर नुसतीच धूळ उडवली.

या मापाने बघितलं तर मारधाडीला गेल्या दहा-बारा वर्षांत चांगले दिवस आलेत. त्याआधी एक काळ असा होता की हिरो साधं कुंपण ओलांडायचा आणि त्यात डझनभर कट असायचे. कोणाचा पाय, कोणाचा हात, काही पत्ता लागायचा नाही. मग गॅरेथ इव्हान्सचा ‘द रेड’ (२०११) आला. एक इमारत, आत अडकलेले पोलीस, कुऱ्हाडीने फरशीला भोक पाडून खालच्या मजल्यावर उतरणारी माणसं. माझ्या वहीचं पहिलं पान त्याचंच आहे. २०१४ला ‘जॉन विक’. त्याचा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हा ‘द मेट्रिक्स’मध्ये किआनू रीव्ह्जचा स्टंट डबल होता. स्वतः मार खाल्लेल्या माणसाला कॅमेरा कुठे ठेवायचा हे बरोबर कळतं. ‘जॉन विक ४’ (२०२३) मध्ये तो पॅरिसच्या पडक्या इमारतीतला सीन आठवा. कॅमेरा छताच्या वर जातो, खोल्यांच्या भिंती वरून दिसतात आणि बंदुकीतून आग ओकणारी काडतुसं सुटत राहतात. मी वही उघडली आणि बंद केली. कॅमेऱ्यानेच नकाशा काढून दिला होता. त्यानंतर मोंमार्त्रच्या त्या २२२ पायऱ्या. वर चढतो, गडगडत थेट खाली येतो, पुन्हा चढतो. नकाशा म्हणजे एक तिरकी रेघ, पण तिच्यावर मी दहा मिनिटं पोट धरून हसलो आणि घाबरलोसुद्धा.

आणि ‘किल’! निखिल नागेश भटचा. ट्रेनचा डबा म्हणजे सरळ रेघ. दोन बर्थमधली वाट, दोन्ही टोकांना दारं, मधे पडदे. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा जवळजवळ पाऊण तास उलटून गेलेला असतो, आणि त्या क्षणापासून सिनेमाची जातच बदलते. तोवर हिरो लोकांना वाचवण्यासाठी मारत असतो. नंतर तो प्रेतं डब्यात लटकवून ठेवतो. डाकू एकमेकांचे काका-पुतणे-भाऊ आहेत, आपल्या माणसांची प्रेतं बघून ते हमसून रडतात. आणि अंधारातून येणारा ‘तो’ म्हणजे आपला हिरो. मला त्याचीच भीती वाटली. अ‍ॅक्शन बघायला बसलो होतो आणि मांडीवर उशी घेतली होती.

आता हॉररकडे येतो. ताईच्या आग्रहाने गेल्या दोन वर्षांत ढिगाने बघितले आणि वही जवळजवळ कोरी. तेच ते: अंधार, कुजबुज, शांतता, शांतता, आणि कानाशी कोणीतरी पातेलं आपटल्यासारखं ‘ढॅण’. मी दचकतो. फटाका वाजला तरी दचकतो, त्यात कोणाची कला आली? जेम्स वॉनच्या पहिल्या ‘कॉन्ज्युरिंग’मध्ये (२०१३) कुटुंब सामान आत नेत असतानाच कॅमेरा घरभर हिंडवला होता. जिना, कपाट, तळघर, सगळं आधी ओळखीचं करून दिलं आणि मग त्याच कपाटाची भीती घातली. त्याच मालिकेतला २०२५चा ‘लास्ट राइट्स’ बघितला. संपल्यावर पेन हातात घेतलं, तर घरातला जिना डावीकडे की उजवीकडे हेच आठवेना.

प्रश्न असा आहे: हॉररवाल्यांना नकाशा जमत नाही, की त्यांना तो नकोच असतो? आणि अलीकडचं असं काही सांगा की ज्यात भीती कानातून न येता डोळ्यांतून येते.

कात्रीवाला:

पोटासाठी जाहिराती कापतो, म्हणून कटांच्या वतीने वकिली करणं भाग आहे.

तुम्ही दोष कटांना देताय, तो चुकीच्या माणसाला दिलेला दोष आहे. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) घ्या. दोन तासांचा सिनेमा आणि सुमारे २७०० कट. सरासरी काढा, एक शॉट पावणेतीन सेकंदही टिकत नाही. तरी कोणती गाडी कोणाच्या मागे आहे याबद्दल माझा एकदाही गोंधळ झाला नाही. का? जॉर्ज मिलरने छायाचित्रकार जॉन सीलला सांगून ठेवलं होतं की महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मधोमध हवी. त्यामुळे कट पडला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, तो जिथे होता तिथेच नवीन माहिती मिळते. संकलन मार्गारेट सिक्सेलचं, त्याआधी तिने अ‍ॅक्शन सिनेमा कापलेलाच नव्हता. ऑस्कर घेऊन गेली.

आता तुमच्या पातेल्याबद्दल. ते पातेलं १९४२पासून वाजतंय. झाक टर्नरचा ‘कॅट पीपल’. रात्री एक बाई रस्त्याने एकटी चालली आहे, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. आपण झाडीकडे बघत बसतो, आणि एकदम फिस्सकन काहीतरी फ्रेममध्ये घुसतं. बिबट्या नसतो, बस असते. ब्रेकचा आवाज. निर्माता वॅल ल्यूटनच्या नावावरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ म्हणतात. फरक एवढाच की तिथे आवाज त्या जगातला होता, खरीखुरी बस होती. हल्ली आवाज साउंडवाल्याच्या कॉम्प्युटरमधून येतो, सीनमध्ये तो कोणालाच ऐकू आलेला नसतो. पात्र शांत उभं आणि आपण खुर्चीवरून उडालेले. तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

अवांतर: बघता कशावर? फोनवर किंवा रखडणाऱ्या नेटवर अंधाराचा चिखल होतो. कमी डेटात व्हिडिओ पाठवायचा असला की गडद रंगांतल्या बारीक छटा उडवल्या जातात, मग काळ्याचे चौकोनी ठोकळे दिसतात. कॅमेरामनने त्या काळ्यात उभा केलेला माणूस तुम्ही पाहिलाच नसण्याची शक्यता आहे.

चहा_आणि_झॉम्बी:

मी फक्त वही बघायला आलोय. फोटो टाका, नाहीतर धागा फाऊल.

शेवटची_रांग:

वहीचे फोटो टाकणार नाही, अब्रूचा प्रश्न आहे.

कात्रीवाला, बसचं पटलं. आणि हो, लॅपटॉपवर बघतो, दिवा चालू ठेवून. (दिवा का चालू असतो हे विचारू नये.)

पावणेबारा:

शेवटची रांग, तुम्ही भुताला जागेचा पत्ता विचारताय. मला हॉरर आवडतो तोच पत्ता सापडत नाही म्हणून.

कुब्रिकचा १९८०चा ‘द शायनिंग’ घ्या. हॉटेलच्या मॅनेजरच्या ऑफिसात मागे मोठी खिडकी आहे, बाहेरचा उजेड येतोय. पण त्याआधी आपण ज्या वाटेने तिथे पोचलो ती नीट बघितली तर ते ऑफिस इमारतीच्या पोटात आहे, बाहेरची भिंत तिथे असूच शकत नाही. लोकांनी त्या हॉटेलचे नकाशे काढले आणि ते जुळेनात. बघताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त आपल्याला बसल्या जागी कसंतरी होत राहतं. तुमच्या मापाने कुब्रिक नापास.

‘भ्रमयुगम’ (२०२४) बघितलात का? अख्खा कृष्णधवल, मोडकळीला आलेला वाडा, त्यात माणसं मोजून तीन. ममूटी नुसता बसून जेवतो तरी माझ्या पोटात गोळा येत होता. तिथे सोंगट्यांच्या डावात माणूस स्वतःचा वेळ पणाला लावतो आणि मग किती दिवस गेले याचाच हिशोब लागत नाही. वाड्याचा नकाशा तुम्ही काढालही, पण कॅलेंडरचं काय करणार?

‘लाँगलेग्ज’मध्ये (२०२४) ऑझ पर्किन्स वेगळंच करतो. बाई फ्रेमच्या मधोमध, आणि तिच्या मागे गरजेपेक्षा खूप जास्त रिकामी जागा. तिथे सहसा कोणी येत नाही. आपण मात्र अख्खा सिनेमा त्या रिकाम्या दाराशी पहारा देत बसतो. जाहिरातीत तर खलनायक झालेल्या निकोलस केजचा चेहराही दाखवला नव्हता. नायिका माइका मन्रोने त्याला मेकअपमध्ये पहिल्यांदा बघितलं तेव्हाचे तिच्या हृदयाचे ठोके ऐकवले होते, १७०पर्यंत गेलेले. (शेवटी नायिकेची आईच सगळा उलगडा बोलून दाखवते तिथे सिनेमा बसला, हे मान्य.)

आणि एक, तुम्ही ‘वेपन्स’चं नाव स्पॉयलरच्या यादीत टाकलंत आणि मग त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. का?

शेवटची_रांग:

पकडलंत. बोललो नाही, कारण तो माझ्या तक्रारीच्या विरोधात जातो आणि मला आधी तक्रार करायची होती.

‘वेपन्स’ (२०२५) मध्ये एका वर्गातली सतरा मुलं रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी घरातून पळून जातात, हात विमानासारखे पसरून. जॉश ब्रोलिन त्यातल्या एकाचा बाप. पोलिसांना काही सुधरत नाही, मग तो दारावरच्या कॅमेऱ्यांची फुटेजं गोळा करतो, कोणतं मूल कुठल्या दिशेला पळालं ते बघतो, आणि नकाशा पसरून त्यावर पट्टीने रेघा ओढतो. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे घर! मी उठून उभा राहिलो. माझी वही पडद्यावर होती हो! ताईने खाली बसवलं.

पण खरी गंमत शेवटी. मंत्र उलटतो आणि ज्या म्हातारीने मुलांना भारलेलं असतं तिच्याच मागे ती लागतात. ती एका घरातून दुसऱ्या घरात, मुलं काचा फोडून, दारं तोडून मागे. अंगणं, कुंपणं, खिडक्या, सगळं लख्ख उजेडात. हा निव्वळ पाठलागाचा सीन आहे, कुठल्याही अ‍ॅक्शनवाल्याला अभिमान वाटावा असा. लोक खदाखदा हसत होते आणि मीही. आणि शेवटच्या फ्रेमला हसू घशात अडकलं. दिग्दर्शक झॅक क्रेगर मूळचा विनोदी प्रहसनं करणारा. विनोदवाल्याला वेळ साधायची सवय असते. हसवायला जेवढं थांबावं लागतं साधारण तेवढंच घाबरवायलाही थांबावं लागत असणार.

पण ‘शायनिंग’च्या खिडकीचं उत्तर माझ्याकडे आत्ता तरी नाही.

ढिशुम_काका:

पोरांनो, तुम्ही दोन पंगती मांडल्यात, पण वाढपी तेच आहेत. ‘द रेड’वाल्या इव्हान्सने २०१३ला ‘व्ही/एच/एस/२’ मध्ये एका पंथाची गोष्ट केली, टिमो त्जाह्यान्तोच्या जोडीने. ती बघून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तोच टिमो २०१८ला ‘द नाइट कम्स फॉर अस’ करतो, ज्यात गोडाऊनमधल्या मारामारीला कसाईखान्याची कळा आहे, आणि त्याच वर्षी सैतानाचा सिनेमाही करतो. हाड मोडल्याचा आवाज दोन्हीकडे एकच.

नकाशाचे अलीकडचे हॉरर हवेत ना? ‘सिनर्स’ घे. रायन कूगलर, २०२५. १९३२चं मिसिसिपी, एक जुनी गिरणी, आत नाचगाणं, बाहेर रक्तपिपासू. नियम एकच: आतल्याने ‘ये’ म्हटल्याशिवाय बाहेरच्याला उंबरा ओलांडता येत नाही. आता काढ नकाशा. दाराची प्रत्येक चौकट तुला मोठी काढावी लागेल. दारात उभं राहून गोड बोलणारा माणूस एवढा भीतिदायक कधी वाटला नव्हता. आणि शेवटी सकाळच्या उन्हात बंदुका निघतात तेव्हा तो शंभर टक्के मारधाडपट होतो.

दुसरा, ‘२८ इयर्स लेटर’. बराचसा आयफोनवर शूट केलेला. बेटावरून मुख्य भूमीला जायला भरती-ओहोटीची एकच वाट. बाप आणि पोरगा त्या वाटेवरून पळताहेत, पाणी चढतंय, मागे तो धिप्पाड अल्फा (विषाणूने पिसाळलेल्यांचा म्होरक्या), वर चांदण्यांनी भरलेलं आकाश. तुझ्या ‘किल’च्या डब्यासारखी सरळ रेघ, फक्त ओली.

आता राहिलं ऑस्करवाल्यांचं. १०० वा सोहळा २०२८ला आहे, त्यात पहिल्यांदा स्टंटसाठी बक्षीस असणार, २०२७च्या सिनेमांना. शंभर वर्षं लागली! ‘द फॉल गाय’साठी लोगन हॉलाडेने गाडीच्या साडेआठ कोलांट्या मारल्या, विश्वविक्रम, आधीचा ‘कसिनो रोयाल’चा सातचा होता. त्याला नुसतं सर्टिफिकेट. असो, बीपी वाढतं.

टेरिफायर_फॅन:

कोणी ‘टेरिफायर ३’चं नाव घेत नाही? नकाशा गेला खड्ड्यात, आर्ट द क्लाउनचं नुसतं हसणं बघा. एक शब्द न बोलता!

शेवटची_रांग:

हसणं मान्य. बाकी ते शवविच्छेदन आहे, मला त्यात पुढे काय होणार याची उत्सुकताच राहत नाही. त्यापेक्षा ‘फायनल डेस्टिनेशन: ब्लडलाइन्स’ मधली अंगणातली पार्टी. बर्फात पडलेला काचेचा तुकडा, ट्रॅम्पोलिनखाली सरकलेलं फावडं. दाताळं म्हणतात का त्याला? दातांचं असतं ते. सगळ्या वस्तू आधी दाखवतात आणि मग नुसतं थांबतात. नकाशा इतका भरगच्च झाला की पान उलटावं लागलं.

काका, ‘सिनर्स’च्या उंबऱ्याला दंडवत. त्यावरून ‘तुंबाड’ आठवला. राही अनिल बर्वे, २०१८, चार पावसाळे शूटिंग. नारायण धारपांच्या गोष्टीचं बी त्यात आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. विनायक दोर सोडून विहिरीतून त्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, आत बसतो, कणकेची बाहुली टाकतो. हस्तर, म्हणजे त्या गर्भात कोंडलेला हावरा राक्षस, बाहुलीकडे वळला की सोन्याची नाणी ओरबाडायची आणि दोर पकडायचा. रिंगण, बाहुली, दोर. तीन खुणांचा नकाशा, लहान मुलालाही काढता येईल. म्हणूनच शेवटी बापलेक खूप बाहुल्या घेऊन उतरतात आणि वर बघतात तर जितक्या बाहुल्या तितके हस्तर, तेव्हा हात-पाय गार पडतात. नियम मोडलेला नसतो. नियम पाळलाच गेलेला असतो, आपलाच हिशोब चुकलेला असतो. २०२४ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, तो उगीच नाही.

पावणेबारा:

मग तुम्हीच तुमच्या पहिल्या पोस्टचं उत्तर दिलंत की. पण मी शायनिंगची खिडकी सोडणार नाही.

असं करा. ‘द एक्झॉर्सिस्ट ३’, १९९०, विल्यम पीटर ब्लॅटी. जुना आहे, तरी चालवून घ्या. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा सीन येईल, रात्रपाळीची नर्स. कॅमेरा लांब एका टोकाला आहे आणि हलत नाही. उजेड भरपूर. तुम्हाला जे हवंय ते सगळं आहे. सीन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने थांबवा, नकाशा काढा, आणि मग पुढे बघा. चीटिंग नको. दिवा बंद.

कात्रीवाला:

हाहा. पावणेबारा, हे क्रूर आहे.

चहा_आणि_झॉम्बी:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता तरी फोटो.

शेवटची_रांग:

बघितला काल. दिवा बंद होता, ताई साक्षीला.

सांगितल्याप्रमाणे थांबवला. लांब कॉरिडॉर, टेबल, रजिस्टर, पहारेकरी, दोन्ही बाजूंची दारं. एवढा सोपा नकाशा मी आजवर काढला नव्हता. पुढे सुरू केला. नर्स एका खोलीत आवाज ऐकून जाते, ग्लासातला बर्फ तडकलेला असतो, तेवढ्यात पलंगावरचा पेशंट ओरडत उठतो. मी दचकलो, हसलो, ताईला म्हटलं, ‘बघ, हेच ते पातेलं.’ पुन्हा तोच लांबचा शॉट. काहीच होत नाही. पहारेकरी निघून जातो. ती इकडून तिकडे जाते. मी मधे दोनदा घड्याळ बघितलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग ते झालं. पांढऱ्या कपड्यातलं, हातात ती मोठी कात्री.

मी जो आवाज काढला तो ताईने फॅमिली ग्रुपवर कळवला आहे.

कात्रीवाला, त्या क्षणी संगीत दणकून वाजतं, कॅमेराही झपकन पुढे जातो. म्हणजे पातेलं तिथेही आहेच. तरी राग आला नाही. का नाही आला म्हणून पुन्हा मागे नेऊन बघितलं. ते दार पहिल्यापासून फ्रेममध्ये आहे. लपवलेलं नाही, अंधारात नाही, लख्ख समोर आहे. मग वही बघितली. टेबल काढलंय. रजिस्टरसुद्धा काढलंय. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना दारं काढलीत, नीट मोजून.

ते एक सोडून.

ताई म्हणते, मी घाईत विसरलो. पावणेबारा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, म्हणू नका. फोटो टाकतोय, आज एवढाच.